बायबलचा तास आणि सरकारी अनुदान

मिशनच्या मराठी शाळेत परीक्षेचा दिवस म्हणजे ‘दिपोटीं’चा दिवस. विद्याखात्याचे हे डेप्युटी इन्स्पेक्टर गावात येत, हजेरीपट तपासत, मुलांना इयत्तावार उभं करत आणि एकेकाकडून वाचन, लेखन, हिशेब करवून घेत. बालबोध नीट वाचता येतं का, मोडी वळणदार आहे का, पावकी-निमकी तोंडपाठ आहे का, त्रैराशिक सुटतं का, हे सगळं बघितलं जाई. मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकाच्या मध्यापासून जेवढी मुलं जेवढ्या विषयांत उतरतील, त्या हिशेबाने शाळेला सरकारी पैसे मिळू लागले. त्याच शाळेत बायबलचाही तास असे. येशूचे दाखले, दहा आज्ञा, ख्रिस्ती प्रश्नोत्तरावली मुलांना पाठ असत. पण त्याबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही, अशी इन्स्पेक्टरांना सक्त सूचना होती.

ही सूचना आली लंडनहून. १९ जुलै १८५४ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थान सरकारला शिक्षणाबद्दल एक सविस्तर खलिता पाठवला. बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष चार्ल्स वुड यांच्या नावाने तो ओळखला जातो. विद्यापीठं, विद्याखाती आणि शाळांची उतरंड यांचा आराखडा त्यात होता. खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धतही त्याच खलित्याने सुरू केली. शाळेला जबाबदार चालक असावेत, सरकारी तपासणी मान्य असावी आणि मुलांकडून थोडी तरी फी घेतली जावी, एवढ्या अटी होत्या. शाळा कोणत्या धर्माची हे सरकार पाहणार नव्हतं. पैसा मिळे तो व्यवहारी शिक्षणासाठी. धर्मशिक्षण चालकांनी आपल्या खर्चाने आणि आपल्या जबाबदारीवर द्यायचं होतं. स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ यांचा या खलित्याच्या घडणीवर मोठा प्रभाव होता, आणि मिशनऱ्यांनी त्याचं मनापासून स्वागत केलं.

स्वागत करण्याचं कारण त्याआधीच्या चाळीस वर्षांत होतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी त्यांना परत पाठवायला निघाली होती. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूदही केली. हे दोन्ही निर्णय एकाच कायद्यात होते, तरी त्या लाखातून मिशनच्या शाळा काढाव्यात असं कंपनीच्या मनातही नव्हतं. धर्मांतराचा संशय आला तर प्रजा बिथरेल, ही भीती तिला सतत होती.

मुंबईत १८१५ साली आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी काढली. ती अँग्लिकन चर्चची संस्था होती आणि गरीब युरोपियन मुलांसाठी होती. तिने पुढे देशी मुलांसाठी शाळा काढायला घेतल्या. पण चर्चचं नाव असलेल्या संस्थेने हिंदू, पारशी, मुसलमान मुलांना शिकवणं अवघड जाईल, हे लवकरच ध्यानात आलं. १८२२मध्ये त्या कामासाठी वेगळी संस्था झाली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून नावारूपाला आली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी तिला पाठबळ दिलं आणि तिच्या शाळांत धर्मशिक्षण येऊ दिलं नाही.

एल्फिन्स्टन यांच्या शिक्षणविषयक टिपणात एक जागा अशी आहे की तिच्यावर थांबावंच लागतं. मिशनऱ्यांना खालच्या मानलेल्या जातींतली मुलं सर्वांत चांगले विद्यार्थी वाटतात, हे त्यांनी नोंदवलं. मग त्यांनी इशारा दिला, की अशा लोकांना खास उत्तेजन देताना सरकारने जपून असावं. शिक्षण पहिल्यांदा त्यांच्यात रुजलं तर ते इतर समाजात पसरणार नाही. उदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गव्हर्नराने हे लिहिलं होतं. पुढच्या शंभर वर्षांत या इलाख्यात सरकारी शाळेचं दार कोणासाठी उघडं राहिलं आणि कोणासाठी नाही, याचं बरंचसं उत्तर या टिपणात सापडतं.

मिशनच्या शाळांना पहिले मोठे हादरे मात्र वरच्या थरातून बसले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९मध्ये मुंबईत आले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या, आणि १८३२मध्ये सुरू झालेली विल्सन यांची इंग्रजी शाळा पुढे विल्सन कॉलेज झाली. १८३९मध्ये या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि बहुतेक मुलं शाळा सोडून गेली. १८४३मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. त्याला कोर्टाने वडिलांच्या हवाली केलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली आणि त्यावरून ब्राह्मणांत उभी फूट पडली. एका शाळकरी पोरावरून अख्खी मुंबई भांडत होती. अशा शाळांना सरकारने पैसा द्यावा, असं म्हणायला त्या दिवसांत कोणता अधिकारी धजावला असता?

म्हणून १८५४चा खलिता मिशनऱ्यांना मोठा विजय वाटला. सरकारी शाळांत बायबल शिकवता येत नाही, मग निदान बायबल शिकवणाऱ्या आपल्या शाळांना तरी सरकारने हात द्यावा, ही त्यांची मागणी मान्य झाली होती. इंग्लंडात ही वाट आधीच रुळली होती. तिथे १८३३मध्ये पार्लमेंटने २०,००० पौंड दिले, ते चर्चशी जोडलेल्या दोन शिक्षणसंस्थांमार्फतच खर्च झाले. वुड यांच्या समोर तोच नमुना होता.

तरी सगळ्या प्रोटेस्टंट मंडळींना हा पैसा सारखाच गोड नव्हता. स्कॉटिश परंपरेत शाळा, चर्च आणि राज्य यांची सांगड जुनी होती, त्यामुळे विल्सन आणि डफ यांना अनुदानात काही वावगं दिसलं नाही. अमेरिकनांची घडण वेगळी होती. त्यांच्या देशात चर्च आणि राज्य वेगळे ठेवण्याचा आग्रह होता. त्यातच त्यांच्या बोस्टनच्या बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५मध्ये स्वतः हिंदुस्थानात आले. शाळा म्हणजे मिशन नव्हे. इंग्रजी शाळांवर शक्ती घालवू नका, मराठीतून उपदेश करा आणि देशी मंडळ्या उभ्या करा, असं त्यांचं सांगणं होतं. इंग्रजी शाळांना त्याचा जबर फटका बसला.

या धोरणाविरुद्ध रॉयल वाइल्डर उभे राहिले. ते अहमदनगरहून १८५२मध्ये कोल्हापूरला गेले होते. शाळा बंद करणं म्हणजे लोकांशी असलेलं नातं तोडणं, हे त्यांचं मत. ते मांडण्यासाठी त्यांनी १८६१मध्ये मिशनच्या शाळांवर पुस्तकच छापलं. बोर्डाशी त्यांचं फाटलं, पण त्यांनी कोल्हापूर सोडलं नाही. अँडरसन यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, कारण शाळा चालवता चालवता मिशनरी शाळाखात्याचा कारकून होऊन बसण्याचा धोका खरा होता. पण महाराष्ट्राच्या दृष्टीने वाइल्डर यांची बाजू बळकट होती. शाळा नसती, तर मिशनची आठवण इथे चर्चच्या भिंतींपुरती राहिली असती.

१८५७च्या उठावानंतर बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनी उठावाचं एक कारण म्हणून मिशनच्या शाळांना मिळणाऱ्या अनुदानाकडे बोट दाखवलं. १८५९मध्ये भारतमंत्री लॉर्ड स्टॅनली यांनी मात्र खलित्याचं मूळ धोरण कायम ठेवलं. तरी मुंबई इलाख्यात अनुदानाला वेग आलाच नाही. मद्रासकडे अनुदानित शाळांचं जाळं पसरत होतं, तर मुंबईचं विद्याखातं स्वतःच्या शाळा काढण्यात गुंतलेलं होतं. त्या शाळांसाठी शेतकऱ्यांकडून जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा एक भाग शिक्षणाला जाई.

पण लोकल फंडाच्या शाळेत गावातल्या प्रत्येकाला बसता येत होतं का?

जून १८५६मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. मुलाने दाद मागितली, आणि मुंबई सरकारने जे उत्तर दिलं त्याचा आशय असा : न्यायाने पाहिलं तर अर्जदाराची बाजू खरी आहे, पण युगानुयुगांच्या समजुती एका माणसासाठी एकाएकी बाजूला सारता येणार नाहीत, त्याला घेतलं तर बाकीची मुलं निघून जातील. कलकत्त्याच्या सरकारला हे पटलं नाही. १८५८मध्ये लंडनच्या संचालकांनी निर्वाळा दिला, की सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. कागदावर प्रश्न सुटला. गावात मात्र महाराच्या मुलाने ओट्याखाली, उन्हात बसून ऐकायचं, हीच रीत कितीतरी वर्षं चालली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेचं निवेदन ठेवलं, तेव्हा एल्फिन्स्टन यांचं टिपण आणि धारवाडचं प्रकरण, दोन्ही त्यात पुरावा म्हणून मांडले.

मिशनच्या शाळेचं खरं मोल इथे कळतं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या कितीतरी शाळा महारवाड्यात भरत. कधी तक्क्यात, कधी झाडाखाली, कधी मिशनने बांधलेल्या एका खोलीत. शिकवणारा मास्तर बहुधा त्याच समाजातून ख्रिस्ती झालेला. दिवसा तो पाढे घेई आणि संध्याकाळी त्याच जागी भजन-उपदेश चाले. मुलं जमिनीवर बसत, पण वर्गाच्या आत बसत. फळ्यावरचं अक्षर त्यांना दिसत होतं आणि मास्तर त्यांची पाटी हातात घेत होता. या शाळांना सरकारी नियमांनी फारसा हात दिला नाही. फी घेण्याची अट त्यांना जड होती, आणि परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याची पद्धत तर उलटीच होती. सुगीत, गुरांमागे, दुष्काळात गैरहजर राहणाऱ्या मुलांची शाळा निकालात मागे पडणार आणि तिलाच पैसे कमी मिळणार. जिथे मदतीची सर्वांत जास्त गरज, तिथे ती सर्वांत कमी पोहोचावी, असाच हा नियम होता. तरीही या शाळा तगल्या, त्या अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या वर्गणीवर आणि तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या मास्तरांवर.

मुलींच्या शिक्षणाची गोष्टही याच वाटेवर भेटते. सिंथिया फरार १८२७मध्ये मुंबईत आल्या. अमेरिकेने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्री-मिशनऱ्यांपैकी त्या एक. १८३९पासून १८६२मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले नगरला गेले, फरारबाईंची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या तयारीतही नगरच्या फरारबाई आणि पुण्याच्या मिचेलबाई यांचा वाटा सांगितला जातो. फुले यांच्या शाळेत बायबलचा तास नव्हता. मिशनच्या शाळेतून त्यांनी वर्गाची पद्धत, मुलींना शिकवण्याचं धाडस आणि जात न विचारता प्रवेश देण्याची रीत घेतली, आणि बाकीचं मिशनकडेच ठेवलं.

फुले यांचं हे स्वतंत्रपण १८८२मध्ये सगळ्यांना दिसलं. त्यामागची हकिकत अशी. सरकार १८५४चा शब्द पाळत नाही, स्वतःच्या कॉलेजांवर पैसा उधळतं आणि खासगी संस्थांना उपाशी ठेवतं, अशी मिशनऱ्यांची तक्रार वाढत गेली होती. १८७८मध्ये लंडनमध्ये त्यांनी जनरल कौन्सिल ऑफ एज्युकेशन इन इंडिया स्थापन केलं. त्याच्या रेट्यामुळे फेब्रुवारी १८८२मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विल्यम मिलर आणि मुंबईचे काशिनाथ त्रिंबक तेलंग हे दोघेही त्याचे सभासद होते. मिशनऱ्यांपैकी अनेकांची अपेक्षा सरळ होती : सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढावं, मग ती जागा अनुदान घेऊन मिशनच्या संस्था भरून काढतील.

ऑक्टोबर १८८२मध्ये फुले यांनी आयोगाला निवेदन दिलं. मिशनच्या शाळेत शिकलेला आणि मिशनऱ्यांचा स्नेही असा हा माणूस. पण सरकारने शाळांतून माघार घ्यावी, या कल्पनेला त्यांनी साफ विरोध केला. मिशनच्या काही शाळा उत्तम चालतात, तरी सरकारी शाळांइतके विद्यार्थी त्यांच्याकडे येत नाहीत आणि तितके चांगले निकालही लागत नाहीत. सरकारी शाळेसारखे चांगल्या पगाराचे शिक्षक ठेवणं त्यांना परवडत नाही, असं त्यांनी सांगितलं. शेतकरी कर भरतो, त्याच्या मुलांना सरकारनेच शिकवलं पाहिजे, आणि प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करावं, ही त्यांची मागणी होती. चर्चचे उपकार त्यांना मान्य होते. पण गरिबाचं शिक्षण कोणाच्या परोपकारावर सोपवायला ते तयार नव्हते. आयोगापुढच्या ढीगभर साक्षींत इतकी लांबवर पाहणारी साक्ष क्वचितच असेल.

सरकारने हळूहळू मागे सरावं हे आयोगाने मान्य केलं, पण सरकारी संस्थांच्या जागी मिशनच्या संस्था याव्यात हे मान्य केलं नाही. खासगी प्रयत्न म्हणजे मुख्यतः देशातल्या लोकांचे स्वतःचे प्रयत्न, असा त्याचा रोख राहिला. कनिष्ठ मानलेल्या जातींसाठी सरकारी शाळांचा खुला प्रवेश त्याने पुन्हा बजावला आणि त्यांच्यासाठी वेगळ्या शाळांना उत्तेजन देण्याची शिफारस केली. सर्व धर्मांना चालेल असं नीतिशिक्षणाचं पुस्तक तयार करावं, अशीही एक सूचना होती. तिला तेलंगांनी वेगळं मतपत्र लिहून विरोध केला. धर्म वगळून नीती शिकवणारं असं पुस्तक फार काही साधेल, असं त्यांना वाटत नव्हतं.

मिशनऱ्यांनी मागून घेतलेली वाट पुण्यात दुसऱ्यांनीच भरून टाकली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. गोपाळ गणेश आगरकरही लवकरच त्यांना येऊन मिळाले. १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. हंटर आयोगाने न्यू इंग्लिश स्कूलची दखल घेतली होती. खासगी चालक, सरकारी तपासणी, सरकारी अनुदान, ही घडी चर्चसाठी घातली गेली होती. ती आता टिळक-आगरकरांच्या संस्थेला लागू झाली, आणि नंतरच्या पिढ्यांत गावोगावच्या शिक्षण मंडळांना आणि शिक्षण प्रसारक संस्थांना. आज महाराष्ट्रात ‘अनुदानित खासगी शाळा’ म्हणून जी ठाम व्यवस्था आहे, तिची मुळं १८५४च्या त्या खलित्यात आहेत, हे शिक्षकांच्या पगारपत्रकावर सही करणाऱ्या किती मुख्याध्यापकांना ठाऊक असेल?

प्रोटेस्टंट संस्थाही संपल्या नाहीत. विल्सन कॉलेज १८८९मध्ये चौपाटीच्या आपल्या इमारतीत गेलं. नगरला मिशन हायस्कूल वाढलं, आणि १९४७मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं.

स्वातंत्र्यानंतर जुना सौदा राज्यघटनेच्या कलमांत बांधला गेला. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येणार नाही, हे अठ्ठाविसाव्या कलमाने सांगितलं. अनुदान घेणाऱ्या शाळेत ते देता येईल, पण विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, त्याला त्या तासाला बसवता येणार नाही. १८५४मध्ये हा मुलाचा हक्क कुठेच नव्हता. तिथे चालकांचं स्वातंत्र्य आणि सरकारची तटस्थता एवढ्याच दोन बाजू होत्या. तिसरी बाजू, म्हणजे बाकावर बसलेलं मूल, घटनेने आणली. तिसाव्या कलमाने संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदानात भेदभाव करायला बंदी घातली. आणि अँग्लो-इंडियन शाळांना काही वर्षं खास अनुदान देताना ३३७व्या कलमाने अट घातली, की दरवर्षीचे किमान ४० टक्के प्रवेश इतर समाजांना खुले असले पाहिजेत.

ही अट लगेच कामी आली. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई मुलांखेरीज नवे प्रवेश देऊ नयेत. देशी भाषांना बळ द्यावं, हा हेतू होता. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलला त्यामुळे इतर मुलांना नकार द्यावा लागला. शाळा बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची, म्हणजे आर्चडीकन बार्न्स यांनी १८१५मध्ये काढलेल्या संस्थेची. १९२५पासून ही शाळा देवळालीत होती. पालकही कोर्टात गेले, सोसायटीही गेली. मुख्य न्यायाधीश छागला यांच्या मुंबई उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २६ मे १९५४ रोजी तिथेही हरलं. न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांनी दोन कारणं दिली. अनुदानित शाळेत केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला प्रवेश नाकारणं एकोणतिसाव्या कलमात बसत नाही. आणि सरकार एका हाताने ४० टक्के जागा इतरांना द्या म्हणतं व दुसऱ्या हाताने त्यांनाच घेऊ नका म्हणतं. मग त्या शाळेने अनुदानाची अट पाळायची कशी? जून उजाडायच्या आत निकाल लागला, आणि मराठी, गुजराती, कोंकणी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांचे अर्ज घेण्याची मोकळीक देवळालीच्या शाळेला पुन्हा मिळाली.